केंटमधले रविवार

बाबा इंग्लंडला गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि नंदू सातचा. एकोणीसशे पंचाहत्तरचा सप्टेंबर. बाबा म्हणजे डॉ. हेमचंद्र खांबेटे. मूळचे वाईचे, पण नोकरी लखनऊला, फळझाडांवर संशोधन करणाऱ्या एका सरकारी संस्थेत. आंब्याच्या कलमांना रोग का लागतो, हा त्यांचा विषय. घरातही ते माणसांपेक्षा झाडांबद्दलच जास्त बोलायचे. संस्थेनं त्यांना वर्षभरासाठी केंट नावाच्या काउंटीत पाठवलं. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणा. तिथे सफरचंदाच्या बागा पुष्कळ, आणि कलमं शिकवणारं मोठं केंद्र.

आम्ही निशातगंजात एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. खाली श्रीपतराव आणि कमलताई. श्रीपतराव टेलिफोन खात्यात, वर्धा जिल्ह्यातले. त्यांच्या बैठकीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर शेजारी शेजारी होती. त्यांची माया माझ्याच वर्गात होती. अख्ख्या गल्लीत मराठी बोलणारी घरं ही दोनच.

आईला लखनऊला येऊन पाच वर्षं झाली होती. पण निशातगंजचा बाजार आणि आमची शाळा यापलीकडे ती एकटी कधी गेली नव्हती. तिचं हिंदी भाजीपुरतं होतं. 'भैया, मेथी ताजी है ना?' एवढं झालं की ती गप्प. पुढचं सगळं मी बोलायचे. बाबा स्टेशनवर तिला म्हणाले, "वर्ष काय, असं जाईल." तेव्हा तिनं नुसती मान हलवली होती.

पहिलं पत्र बारा दिवसांनी आलं. निळ्या एरोग्रामवर बाबांचं बारीक, सरळ अक्षर. आईनं ते आधी एकटीनं वाचलं, मग आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं.

'आज रविवार. इथली माणसे रविवारी घरी थांबत नाहीत. मुलाबाळांना मोटारीत बसवतात, टोपलीत खाणे घेतात आणि काहीतरी पाहायला जातात. मी आज रॉचेस्टरचा किल्ला पाहिला. बुरूज फार उंच आहे. वरून नदी दिसते. खाली हिरवळीवर कुटुंबेच्या कुटुंबे बसून काकडीचे सँडविच खात होती. तुम्ही या रविवारी काय पाहिलेत ते कळवावे.'

"काय पाहिलंत म्हणजे?" आई म्हणाली. "मी काय पाहणार? धुणं?"

पण तो प्रश्न तिच्या मनातून गेला नाही. शुक्रवारी ती उत्तर लिहायला बसली. मी तिच्या खांद्यावरून वाचत होते. नंदूचा खोकला, दूधवाल्याचं पाणी, श्रीपतरावांनी बदलून दिलेला बल्ब, असं सगळं लिहून झाल्यावर ती थांबली आणि मग तिनं लिहिलं, 'आम्ही रविवारी बनारसी बाग पाहिली. मुलांना मजा आली.' बनारसी बाग म्हणजे तिथलं प्राणिसंग्रहालय. ते आम्ही पाहिलेलं नव्हतं.

"आई, ये तो झूठ है," मी म्हटलं.

आईचे कान लाल झाले. तिनं पत्र घडी न करता तसंच डब्याखाली ठेवलं. "परवा रविवार आहे. आधी जाऊ, मग पत्र टाकू," ती म्हणाली. "खोटं कशाला लिहायचं त्यांना?"

पण जायचं कसं, हे तिला ठाऊक नव्हतं. ती खाली कमलताईंकडे गेली. कमलताई दाळ निवडत होत्या. त्या हसायलाच लागल्या.

"एवढंच न? मी सासूला घेऊन श्रावस्तीला जाऊन आले. बलरामपूरपर्यंत यष्टीनं, पुढं टांग्यानं. म्हातारीला दिसत नव्हतं धड. अन् तुम्ही इथल्या इथं काहून भेता, विनयाताई? चला, मी येते. मायालेही घेते."

अशी ती सुरुवात झाली. दोन रिक्षा केल्या, पूल ओलांडला आणि बनारसी बागेत गेलो. तिथे मुलांची छोटी आगगाडी होती, ती सगळ्या बागेला चक्कर मारायची. नंदू तीन वेळा बसला आणि चौथ्यांदा बसायचं म्हणून मातीत लोळला. आवारातल्या म्युझियममध्ये मिसरची ममी होती, ती पाहून माया माझा हात सोडेना. झाडाखाली चादर पसरून आम्ही पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. आई सारखी इकडेतिकडे पाहत होती. आपल्यासारखीच किती माणसं आली आहेत, हे बहुतेक तिला नवीन होतं. सोमवारी सकाळी तिनं ते पत्र स्वतः पेटीत टाकलं.

त्यानंतर दर आठवड्याला एक पत्र येऊ लागलं आणि प्रत्येकात एक रविवार. कँटरबरीचं मोठं चर्च आणि त्याच्या रंगीत काचा. डोव्हरचे पांढरे कडे. एका उमरावाची बाग, तिच्यात कुंपणाच्या झाडांचा चक्रव्यूह, त्यात शाळेची पोरं हरवतात आणि त्यांच्या आया बाहेरून हाका मारतात. मार्गेटची वाळू आणि वाळूवरची गाढवं. आई अक्षर न् अक्षर वाचायची. आणि प्रत्येक पत्राला काहीतरी उत्तर हवं, म्हणून आम्हीही दर रविवारी निघायचो.

थंडीत बेलीगारदला गेलो. रेसिडेन्सीला रिक्षावाले बेलीगारद म्हणतात. पडक्या भिंतींवर सत्तावन्नच्या बंडातल्या तोफगोळ्यांच्या खुणा आणि भोवती पिवळ्या शेवंतीचे ताटवे. त्या दिवशी आईनं मुद्दाम डबलरोटीचे काकडीचे सँडविच केले होते. नंदूनं एक घास खाल्ला आणि "पूरी क्यों नहीं लाये?" म्हणून रुसून बसला. कमलताईंनी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी काढली, तेव्हा आईसकट सगळ्यांनी सँडविच बाजूला ठेवले. ते एका कुत्र्यानं खाल्ले.

बड्या इमामबाड्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या गाइडनं भूलभुलैया दाखवला. अंधाऱ्या, खांद्याएवढ्या रुंदीच्या वाटा. चढलेल्या पायऱ्या पुन्हा खाली नेतात, आणि चार वाटांतली एकच बाहेर काढते. महिन्याभरानं आईनं पुन्हा तिथेच जायचं काढलं. दारात गाइड म्हणाला, "बहनजी, अकेली मत जाइए, शाम तक घूमती रहेंगी." आईनं पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "घूमेंगे." तिचं ते हिंदी ऐकून मी थक्क झाले.

आम्ही पाऊण तास हरवलो. एकाच कोपऱ्यावर चार वेळा आलो. तिथे कुणीतरी कोळशानं 'मुन्ना' लिहिलेलं होतं. नंदू रडायला लागला. माया रडायच्या बेतात. कमलताई भिंतीला टेकून म्हणाल्या, "झालं. आता रात इथंच." आईनं मात्र तोंडापुढे तळहात धरला, एका वाटेकडे, दुसऱ्या वाटेकडे. "इकडून वारा येतोय," ती म्हणाली आणि चालायला लागली. तीन वळणं, एक जिना, आणि आम्ही गच्चीवर उन्हात. खाली सगळं शहर, मिनार, पलीकडे गोमती. आई कठड्याला हात लावून हसायला लागली. एवढ्या मोठ्यानं हसताना मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं. कमलताईंनाही हसू आवरेना, आणि दोघी तिथेच बसून डोळे पुसत पुसत हसल्या.

त्या रात्रीचं उत्तर दोन एरोग्राम भरून झालं.

एकच पत्र आम्हाला आवडलं नाही. ते जुलैत आलं. नंदूनं बाबांना कितीदा तरी लिहिलं होतं, की तिथे छोटी आगगाडी असेल तर बघा, आपल्या बनारसी बागेपेक्षा मोठी आहे का सांगा. त्या पत्रात होतं, 'आज समुद्रकाठची लहान आगगाडी पाहिली. वाफेचे खरे इंजिन आहे. मुले पुष्कळ होती. बाकी ठीक.' चारच ओळी. नंदू चिडला. "बस, इतना ही?" त्यानं आईच्या हातातून पत्र ओढून मागे-पुढे करून पाहिलं. किल्ल्याची, चर्चची पत्रं पानभर, आणि आगगाडीचं चार ओळींचं. आई म्हणाली, "दमले असतील."

शहात्तरच्या सप्टेंबरात बाबा परत आले. आमच्यासाठी स्वेटर, आईसाठी हिरवी पर्स आणि एक जाड फाइल. फाइलमध्ये रंगीत माहितीपत्रकं होती, पन्नासाच्या घरात. प्रत्येक पत्रातल्या जागेचं एक. किल्ला, कडे, बाग, गाढवं. पुढे कित्येक वर्षं मी आणि नंदू ती फाइल काढून बसायचो. कुठलं ठिकाण कुठल्या रस्त्यावर आहे, कुठे चहा मिळतो, सोमवारी काय बंद असतं, सगळं आम्हाला पाठ होतं. आम्हाला सातारा जिल्हा तेवढा माहीत नव्हता जेवढा केंट.

बाबा आल्यावर पहिल्या रविवारी आईनं सकाळीच पुऱ्या लाटल्या. नवी चादर काढून ठेवली. "चला," ती म्हणाली, "तुम्हाला इमामबाडा दाखवते. गाइड नको, मला वाट माहीत आहे."

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. "तुम्ही जाऊन या. मी तिकडे पुष्कळ पाहिलंय."

आम्ही गेलो. पुढच्या रविवारीही तेच. मग आईनं विचारणं सोडलं. आम्ही जातच होतो, कधी कमलताई, कधी आम्हीच. पण आई बाबांना परत आल्यावर काही सांगत नसे. मी एकदा तिला कमलताईंशी बोलताना ऐकलं. "बरोबर आहे त्यांचं. एवढं सगळं बघून आलेल्या माणसाला आमचं बेलीगारद काय वाटणार?" कमलताई म्हणाल्या, "वाटायला काय लागते?" पण आईनं विषय वाढवला नाही.

हे असं सात वर्षं चाललं. एकोणऐंशीत आम्ही अलीगंजला संस्थेनं दिलेल्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो. बाबांनी स्कूटर घेतली. श्रीपतरावांची बदली झाली आणि ती मंडळी नागपूरला गेली. आईचं हिंदी एव्हाना असं झालं होतं, की रिक्षावाले तिच्याशी घासाघीस करायच्या भानगडीत पडत नसत.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत मिसेस पेनफोल्डचं पत्र आलं. बाबा केंटमध्ये ज्यांच्या घरी राहत होते त्या घरमालकीण. दिल्ली-आग्र्याच्या सहलीला त्या येत होत्या. तिथून दोन दिवस काढून लखनऊला येऊ का, असं त्यांनी विचारलं होतं. बाबांनी पत्र वाचलं आणि ते घडी करून खिशात ठेवलं. "म्हाताऱ्या आहेत," ते म्हणाले. "त्यांना कशाला त्रास? मी दिल्लीला जाऊन भेटून येतो."

"वर्षभर तुम्हाला जेवू घातलं त्यांनी," आई म्हणाली. "इथे येऊ दे. मला भेटायचंय."

मिसेस पेनफोल्ड एका शनिवारी सकाळी आल्या. सत्तरीच्या, उंच, पायात पुरुषी बूट. त्यांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि सोडेचनात. बाबांना संस्थेत दुपारपर्यंत काम होतं. ते निघताना दारात दोनदा वळून पाहून गेले. मला वाटलं, पाहुण्यांची काळजी.

आम्ही व्हरांड्यात उन्हात बसलो. आई मटार सोलत होती. मिसेस पेनफोल्डनी खुर्ची ओढली आणि त्याही सोलायला लागल्या. मी अठराची होते, कॉलेजात इंग्रजी घेतलं होतं, तेव्हा दुभाष्याचं काम माझ्याकडे. आधी मुलाबाळांचं, मग हवेचं. शहात्तरच्या उन्हाळ्यात तिकडे कसा पाऊसच पडला नाही आणि बागेतलं गवत कसं जळून गेलं, ते त्यांनी सांगितलं. मग आई म्हणाली, "चित्रा, ती फाइल आण."

मी फाइल आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. आई म्हणाली, "विचार त्यांना, यातलं ह्यांना सगळ्यांत जास्त काय आवडलं होतं?"

मी विचारलं. मिसेस पेनफोल्डनी फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, ही ठेवलीत तुम्ही! ही सगळी मी त्याला आणून द्यायची. लायब्ररीतून, चहाच्या दुकानातून. बिचारा. दर रविवारी मी म्हणायची, चल, मी गाडीनं नेते. तो म्हणायचा, काम आहे. आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ही पत्रकं समोर मांडून पत्रं लिहायचा. तो कधीच कुठे गेला नाही."

माझ्या हातातली मटारची शेंग हातातच राहिली.

"काय म्हणाल्या?" आईनं विचारलं.

"म्हणाल्या, त्यांना सगळंच आवडायचं."

आई माझ्याकडे पाहत राहिली. "एवढंच? आणि एवढा वेळ त्या काय बोलत होत्या? मान का हलवत होत्या नाही नाही म्हणून?"

"असंच."

"चित्रा, नेव्हर एवढं इंग्रजी मला येतं."

मी सांगितलं. आईनं मटारचं भांडं बाजूला ठेवलं. मिसेस पेनफोल्डना काहीतरी झाल्याचं कळलं. त्यांनी मला विचारलं, आपण काही चुकीचं बोललो का? मग मी त्यांना आमच्या बाजूचं सगळं सांगितलं, की ही जागा पत्रात होती, ही पण होती, हीसुद्धा. त्यांनी फाइल मिटली.

"पहिल्या रविवारी तो निघाला होता," त्या हळू बोलायला लागल्या, म्हणजे मला नीट सांगता यावं. "रॉचेस्टरची बस पकडून. मी त्याला सँडविच करून दिले होते. दुपारच्या आत परत आला, भिजलेला. सँडविच तसेच. म्हणाला, किल्ला बंद होता. रविवारी तो बंद नसायचा. मग मी त्याला जास्त विचारलं नाही." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "एकदाच आला तो आमच्याबरोबर. माझी मुलगी आणि नातवंडं आली होती, जुलैत. त्यांनी ओढूनच नेला. ती लहान आगगाडी आहे ना, समुद्राकाठची. गाडी सुरू झाली आणि हा तोंड फिरवून बसला. माझ्या नातीनं त्याला आपलं आइस्क्रीम दिलं. तिला वाटलं, याला मिळालं नाही म्हणून रडतोय."

हे मी आईला सांगितलं. आई उठली आणि आत गेली. बराच वेळ मोरीत पाणी सोडल्याचा आवाज येत राहिला.

बाबा दोनला आले. जेवणात मटार-पुलाव होता. आईनं सगळ्यांना वाढलं, मिसेस पेनफोल्डना आग्रह केला, बाबांच्या पानात लिंबू ठेवलं. पण त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी पानाकडे. व्हरांड्यातल्या खुर्चीवर ती फाइल होती. हात धुवायला उठताना त्यांना ती दिसली. ते तिथेच थांबले, ओल्या हातांनी.

"उद्या रविवार आहे," आई मागून म्हणाली. "बाईंना इमामबाडा दाखवायचाय. तुम्ही येताय."

"मला उद्या जरा—"

"तुम्ही येताय."

रविवारी आम्ही टॅक्सी करून गेलो. नंदू मॅचला जायचं म्हणून आला नाही. दारात गाइड पुढे आला आणि आईला पाहून मागे सरकला. तो तिला ओळखत होता. "अरे, आप तो खुद ही उस्ताद हैं," तो म्हणाला. आई पुढे, मिसेस पेनफोल्डचा हात तिच्या हातात, मागे मी, शेवटी बाबा. आई प्रत्येक पायरीला थांबून "स्टेप. स्टेप," म्हणत होती. मिसेस पेनफोल्ड "थँक यू, डिअर" म्हणत होत्या. बाबा दोनदा डोकं आपटून घेऊनसुद्धा काही बोलले नाहीत.

गच्चीवर आल्यावर मिसेस पेनफोल्ड कठड्याशी उभ्या राहून मिनारांचे फोटो घ्यायला लागल्या. आई सावलीला बसली. बाबा तिच्यापासून दोन हातांवर. मी उठून जायला हवं होतं, पण गेले नाही.

"तिकीट खिडकीपर्यंत गेलो होतो मी," बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. "तिथल्या बाईनं विचारलं, किती जण? मी म्हटलं, एक. ती म्हणाली, फक्त एक? काही वाईट बोलली नाही, सहजच. पण माझ्या मागे रांगेत सगळी कुटुंबं. मला वाटलं, आत जाऊन मी करणार काय? कुणाला दाखवणार? पाऊस आला, मी परत फिरलो. आणि तू वाट बघत असशील, पहिलं पत्र. किल्ला बघायला गेलो आणि दारातून परत आलो, असं कसं लिहू?"

"तसंच लिहायचं," आई म्हणाली.

"लिहिलं असतं तर तू काळजी करत बसली असतीस."

"बसले असते. मग?"

बाबा म्हणाले, "मग तुझं पत्र आलं, बनारसी बागेचं. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, मी लिहितोय म्हणून तुम्ही जाताय. आता थांबवता येईना."

"आणि परत आल्यावर? सात वर्षं?" आईचा आवाज चढला. मिसेस पेनफोल्डनी वळून पाहिलं आणि पुन्हा कॅमेऱ्यात डोळा घातला. "सात वर्षं मला वाटतंय, ह्यांना आमचं लखनऊ फिकं वाटतं. मी तुम्हाला काही सांगायची नाही. म्हटलं, किल्ले बघून आलेला माणूस, हसेल. कमलताईंसमोर मी तुमची बाजू घ्यायची!"

"तू विचारलं असतंस ना," बाबा म्हणाले. "इथे उभी राहून विचारलं असतंस, डोव्हर मोठं की हे? तो चक्रव्यूह अवघड की हा? मी काय सांगणार होतो? तुम्ही तिघं सगळं खरं बघून आला होतात. माझ्याकडे कागद होते."

गच्चीवर कुणाचीतरी मुलं पळापळी खेळत होती. मग आई म्हणाली, "मला अजून राग आहे."

"हो," बाबा म्हणाले.

"दोन-चार दिवस राहील."

"राहू दे."

"ती आगगाडी तरी नीट सांगायची होती पोराला. ती खरी होती ना?"

बाबांनी चष्मा घातला आणि पुन्हा काढला. "तीच लिहिता आली नाही," ते म्हणाले.

आईनं पिशवी उघडली, पुरीत भाजी गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिली. दुसरी मिसेस पेनफोल्डना. त्या तिथेच जमिनीवर बसल्या, बूट काढून, आणि तीन पुऱ्या खाल्ल्या. तिखट लागल्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी त्यांनी चौथी मागितली. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या गाडीत बसताना त्यांनी आईला मिठी मारली आणि बाबांना दम दिला. काय म्हणाल्या ते मी आईला भाषांतर करून सांगितलं नाही, गरज नव्हती.

आईचा राग चार नाही, दहा दिवस टिकला. त्या दिवसांत ती बाबांशी फक्त कामापुरतं बोलत होती. मग एका शनिवारी तिनं विचारलं, "उद्या स्कूटरमध्ये पेट्रोल आहे का?" आणि बाबा दुपारीच जाऊन टाकी भरून आले.

त्या रविवारपासून ते दोघं जायला लागले. आम्ही मोठे झालो होतो. मला परीक्षा असायची, मैत्रिणी असायच्या; नंदूला क्रिकेट. आई विचारायची, येताय का? आम्ही म्हणायचो, तुम्ही जाऊन या. ते बेलीगारदला गेले, दिलकुशाच्या पडक्या कोठीला गेले, कुकरैलच्या जंगलात जाऊन सुसरींची पिल्लं पाहून आले. नवाबगंजच्या तळ्यावर पक्षी पाहायला गेले, तेव्हा वाटेत स्कूटर पंक्चर झाली आणि ते ट्रकमधून घरी परतले. बाबांचं नाक उन्हानं सोललं होतं. सारस किती होते यावर दोघांचं दोन दिवस भांडण चाललं. आई म्हणत होती अकरा, बाबा म्हणत होते नऊ. बाबा आता झाडांइतकंच पाखरांबद्दलही बोलत होते. आणि आईनं कमलताईंना नागपूरला सविस्तर पत्र लिहिलं, पानंच्या पानं.

माझं लग्न पंच्याऐंशीच्या डिसेंबरात ठरलं. त्याआधीचा एक रविवार मला आठवतो. सकाळी उशिरा उठले, तर घर शांत. व्हरांड्यात धुकं निवळून ऊन पडलेलं. स्कूटरची जागा रिकामी होती. नंदू स्वयंपाकघरात एकेक डबा उघडून पाहत होता. त्यानं मला पाहिलं आणि रिकामा डबा उलटा करून दाखवला.

"दीदी, देख," तो म्हणाला. "पूरी-सब्जी, अचार, सब ले गये. हमारे लिए कुछ भी नहीं छोड़ा."

मी त्याला कांदा चिरायला बसवलं आणि पोहे भिजवायला घेतले.